बरा

सोमवारी सकाळी माझ्या दुकानात
टायर कमी, तोंडं जास्त.
शुक्रवारी बर्फ येणार म्हणतात,
तेव्हा अख्ख्या पोर्ट हॅलोवेला आजच आठवलेत
हिवाळी टायर.
कॉफी पहाटेची, करपलेली. तरी संपते.

काल फेरीमेन हरले. वीस-सतरा.

“पाच जिंकले, पाच हरले,”
लुबो हास्कोवेत्स बोटांवर मोजतो,
मग तीच बोटं मोडतो गॅरिक पोलच्या नावानं.
“तिसरा डाउन, नऊ यार्ड हवेत,
आणि हा बाबा पास टाकतो सहा यार्डांचा!
आठ वर्षं हेच.
असला क्वार्टरबॅक
बुडवतही नाही, पोहोचवतही नाही.”

डेल्फीन ओस्ट्रोव्स्की शाळेची बस चालवते.
टोपी न काढताच म्हणाली,
“चेंडू शत्रूच्या हातात तर देत नाही ना?
याच्या आधीचा आठव.
हात तोफेसारखा,
गोळा कुठे पडेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं.
तेवीस वर्षं बस चालवतेय मी, लुबो.
एकाही पोराच्या आईला माझं नाव माहीत नाही.
तीच माझी कमाई.”

गाडीखालून ट्रेव्हनचा आवाज आला, नुसता आवाज,
पाय तेवढे बाहेर:
“रस्कला उतरवा. उभ्या उभ्या साठ यार्ड फेकतो तो.”
ट्रेव्हन एकोणीस वर्षांचा.
त्या वयात
बाकावर बसलेला प्रत्येक जण
आपणच वाटतो.

व्हर्ल टिडमन सगळ्यांत शेवटी बोलला.
गोदीवर एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस,
खुर्चीतही उंचावरून बोलतो.
“बसवा त्याला बाकावर. आजच.
आमच्याकडे सरासरी चालत नसे.
सरासरी म्हणजे कुणाचा तरी पाय.”

मी कुणाच्याच बाजूचा नाही.
चारी बाजूंच्या गाड्यांना चाकं असतात.
माझ्याकडे आहे एक पेनी.
टायरच्या खाचेत ती उलटी घालायची:
डोकं बुडालं, तर हा हिवाळा निघेल.
डोकं अख्खं वर राहिलं, तर टायर संपला.
एवढं सोपं.
फक्त बहुतेकांचं
अर्धं कपाळ दिसतं.
सगळी भांडणं त्या अर्ध्या कपाळावरची.

तेवढ्यात व्हर्लचा फोन वाजला.
तो कॉम्प्रेसरच्या मागे गेला,
जिथे काहीच ऐकू येत नाही,
आणि “हो” म्हणत राहिला.
“हो. हो. किती वाजता? हो.”

परतला तेव्हा डेल्फीननं विचारलं, “ऑटिली?”
“बरी आहे.”

त्या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही.
लुबोनं टक्केवारी मागितली नाही.
मागच्या वर्षापेक्षा बरी की कशी,
बरी म्हणजे नक्की किती यार्ड,
कुणी काही नाही.
ट्रेव्हनचे पाय सुद्धा हलायचे थांबले.

मग व्हर्लच म्हणाला, पेल्यात बघत,
“कालच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये
त्या दोघा रेड्यांनी चिरडला पोलला.
उठला मात्र.”
लुबो म्हणाला, “उठला.”
“तरी बसवाच त्याला,” व्हर्ल म्हणाला.
“बसवाच,” लुबो म्हणाला,
पण मघासारखा नाही.

व्हर्लची गाडी आत घेतली.
आठवड्यातून तीनदा क्लीव्हलँडचं हॉस्पिटल,
तळ्याच्या काठाकाठानं, जाऊन येऊन शंभर मैल.
मी पेनी घातली.
अर्धं कपाळ.
दुसऱ्या खाचेत घातली.
तो माझ्या मागेच उभा होता,
टोपी हातात. एरवी टोपी काढत नाही.
“निघेल का हिवाळा?”

“पुढचे दोन बदलू,” मी म्हणालो.
“मागचे राहू देत. बरे आहेत.”

ट्रेव्हननं जॅक लावला.
गाडी अर्धीच उचलली गेली.