यजमान

पुस्तकात अशा झाडाला 'यजमान वनस्पती' म्हणतात.
मला हसू आलं.
आमच्या घरी यजमान एकच,
आणि त्यांना आमटीत कढीपत्ता लागतो.

धनकवडी, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी.
रंगाच्या डब्यात लावलेलं झाड, चार वर्षांचं.
नवरात्र सरता सरता पानांवर
चिमण्यांनी घाण केलेली दिसली.
ओलं फडकं घेऊन पुसायला गेले
तर घाण चालू लागली.

अकरा मोजल्या.
दोन-तीन दिवसांनी कात टाकायच्या, फुगायच्या,
मग एका सकाळी सगळ्या हिरव्यागार.
बोट लावलं की डोक्यातून शेंदरी शिंग, दुबेळकं,
आणि वास कुजक्या लिंबाचा.
"पाहुणे तापट दिसतात," हे म्हणाले,
आणि दुसऱ्या दिवशी बिभीषणला घेऊन आले.
पाठीवर पंप, हातात नळी,
सोसायटीच्या गुलाबांना मारून उरलेलं औषध.

मला काय झालं कोण जाणे.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
लोकांना 'थांबा, जोडून देते' म्हणत आले;
त्या दिवशी गॅलरीच्या दारात आडवी उभी राहिले.
म्हटलं, जेवत्याला पानावरून उठवत नाहीत.

बिभीषणनं नळी खाली घेतली.
त्याच्या आईनंही हेच शिकवलं असणार.

मग कौतुक, मग काळजी.
अकरा तोंडं आणि एक झाड.
रात्री कान लावला की बारीक करकर ऐकू येते
असं मला वाटायचं.
हे म्हणायचे, फ्रिज आहे तो.

आठवडाभरात नुसत्या काड्या.
तेव्हा ह्यांनीच कोपऱ्यावरून जुडी आणली,
पेल्यात पाणी घालून झाडाशेजारी उभी केली.
अर्धी त्यांना, अर्धी आमटीत.
किती दिवसांनी तशी फोडणी तडतडली.
हे दोनदा वाढून घेऊन जेवले.

सकाळी पेल्याखाली सात.
काळ्या, मऊ, वाकड्या,
तोंडाशी हिरवं पाणी.

आम्ही बराच वेळ बोललो नाही.
ह्यांनी पोटावरून हात फिरवला, एकदाच.
"धुतली होती ना गं?"
धुतली होती.

चार वाचल्या, कारण त्या अजून
आपल्याच झाडाच्या काड्या कुरतडत होत्या,
पेल्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.
हे काही न सांगता गुडघ्याला पट्टा बांधून निघाले.
कात्रजच्या चौकात पाऊण तास अडकले,
मांगडेवाडीला जुन्या मित्राच्या विहिरीवर गेले,
तिथल्या झाडाला कधी कुणी काही घातलं नाही,
खत नाही, औषध नाही, लक्षसुद्धा नाही.
डिकीत ओल्या टॉवेलात फांदी.
"मांगडे विचारत होता, पाहुणे कोण आलेत?
म्हटलं, आहेत चौघी. मुक्कामाला."

दोघी कुठे गेल्या कळलं नाही.
एकीनं कपड्यांच्या दांडीला कोष बांधला,
एकीनं ह्यांच्या फिरायच्या बुटाच्या नाडीला:
कमरेभोवती एक धागा, भार सगळा त्याच्यावर.
हे दोन आठवडे चपलांवर फिरायला गेले.

बुटावरची निघाली तेव्हा आम्ही बँकेत होतो,
हयातीचा दाखला द्यायला.
दांडीवरची निघालीच नाही.
तिच्यातून एके दिवशी बारीक माश्या उडाल्या.
त्याही कुणाच्या तरी पानावर बसल्या असतील,
मी त्यावर फार विचार केला नाही.

झाडाला आता तीन कोंब आलेत, तांबूस,
अजून फोडणीला पुरायचे नाहीत.
आज दुपारी एक काळी आत शिरली,
पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.
पायांनीच चव घेतात म्हणे.
एका कोंबावर टेकली, उठली, दुसऱ्यावर टेकली,
पोट वाकवलं.

हे आतून विचारतात, "पान घ्यायचं का?"

थांबा जरा, मी म्हणते.
इथं वाढणं चाललंय.