गच्चीचा ठराव

रविवार, सकाळचे साडेदहा. पार्किंगमध्ये सतरा खुर्च्या,
नऊ भरल्या. गणपूर्ती झाली असं मीच वहीत लिहिलं,
नाहीतर अर्ध्या तासाने हेच नऊ पुन्हा बसले असते.

भिंतीवर छातीएवढ्या उंचीला ती मातकट रेघ अजून आहे.
विश्वामित्री इथवर आली होती
आणि तिच्यासोबत एक मगर, लहानशीच,
पंचोलींच्या स्कूटरखाली दोन दिवस राहून गेली.
रेघेवर रंग द्यायचा ठराव मागच्या वर्षीच मंजूर आहे.
रंगाऱ्याला कुणी बोलावत नाही.

विषय क्रमांक एक : गच्चीवर सोलर.
सावली गावचा मुलगा ऊन विकायला आला होता.
कंपनीचा टी-शर्ट, हातात सबसिडीचा कागद.
लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे,
साडेचार वर्षांत पैसे वसूल, म्हणाला,
पुढची वीस वर्षं फुकट.
फुकट म्हटल्यावर सगळ्यांनाच संशय आला.

अमीनभाई म्हणाले, गच्ची माझ्या डोक्यावर आहे,
गळली तर कुणाच्या पलंगावर गळणार?
हर्षिदाबेन म्हणाल्या, आणि उत्तरायणला उभं कुठे राहायचं?
इथे मात्र एकदम शांतता.
एका पारड्यात दोन दिवसांचे पतंग,
दुसऱ्यात उरलेल्या वर्षाचं ऊन.
कुठलं जड झालं ते सांगायला नको.
खरं सांगू? फिरकी मीही कुणाच्या हाती देत नाही.

गुप्तेकाका सगळ्यात शेवटी बोलले.
कोयलीला एकतीस वर्षं, शिफ्टमध्ये.
रात्री उठले की आधी खिडकीतून रिफायनरीची ज्योत बघतात,
तिचा रंग ठीक असेल तरच पाणी पितात आणि झोपतात.
म्हणाले, माझं पेन्शन त्या ज्योतीतून येतं,
पोरीची फी तिनेच भरली.
पोरगी आता जर्मनीत पवनचक्क्यांची गणितं करते
आणि फोनवर विचारते, बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?
काय सांगू तिला? आम्हाला प्रेशर माहीत होतं,
टेम्परेचर माहीत होतं. ते कधी चुकू दिलं नाही.
लावा सोलर. माझं मत लिहा.
लिहिलं.
विषय तहकूब.

विषय क्रमांक दोन कुणी मांडला, आठवत नाही.
वहीत अक्षर माझंच आहे.
फाटकापाशी मांगीलाल इस्त्रीवाला,
त्याच्या कोळशाचा धूर पहिल्या मजल्यावर जातो.
हवा स्वच्छ हवी, आपणही काही केलं पाहिजे,
महिन्याभरात त्याने गॅसची इस्त्री घ्यावी
नाहीतर जागा सोडावी.
आणि गॅस कुठून येतो? गुप्तेकाकांनी विचारलं.
कुणीतरी हसलं. एकमताने मंजूर, चार मिनिटांत.
आमच्या अकरा एसींचा कोळसा वणाकबोरीला जळतो.
त्याचा धूर पहिल्या मजल्यावर येत नाही.

संध्याकाळी नोटीस द्यायला मीच गेले.
जिना उतरताना मुठीत तिचा चुरगळा झाला होता.
मांगीलालने ती फळीवर पसरली,
सवयीने वरून इस्त्री फिरवली,
चारी कोपरे सरळ केले,
मग वाचली.
म्हणाला, बेन, सकाळी तो सोलरवाला आला होता ना?
वरून एक वायर खाली सोडली असती तर
मी विजेचीच इस्त्री घेतली असती.

मांगीलाल सभासद नाही. ही सूचना वहीत कुठे लिहायची?
मी म्हटलं, तो विषय तहकूब आहे.
तहकूब म्हणजे?
म्हणजे उत्तरायण होऊन जाऊ दे.
बरं, म्हणाला.

निखाऱ्यांवर राख चढली होती.
त्याने झाकण उघडून फुंकर मारली,
आमच्या घरचा गठ्ठा पुढे ओढला.
सहा नग.
वरचा काळा ब्लाऊज मला उद्या सकाळी हवा आहे.