एक वीत

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या लेथवर
लोखंडी जिना चढून आलं की माझा स्टुडिओ.
भिंतीला चार गोधड्या, वर अंड्यांचे ट्रे,
आणि मिस्त्री डबा उघडतात तेवढाच वेळ,
एक ते पावणेदोन,
शांतता म्हणावी असं काहीतरी.

त्या पाऊण तासासाठी कमल अतिग्रे आल्या.
एसटी स्टँडवरून निवृत्त. चौकशी खिडकी, एकतीस वर्षं.
पर्समधून तिकिटाएवढी घडी काढून म्हणाल्या,
"एकच गाणं हाय. माझंच. किती घेशील?"

मी पुण्याहून कंडेन्सर आणून ठेवला होता,
उसना, शनिवारी परत द्यायचा.
अठ्ठेचाळीस व्होल्ट दिले आणि हेडफोनात
सगळंच आलं:
कवळीची टकटक, बांगडीला बांगडी,
श्वासाच्या तळाशी जुना दमा,
खाली मिस्त्रींनी भाकरी मोडली तीसुद्धा.
गाणं तेवढं आलं नाही.
काचसामानाच्या दुकानात उभं राहावं
तशा उभ्या होत्या, हात पदराखाली.
"हे लई ऐकतंय रे," म्हणाल्या.

मग रिबन. माझ्या हिशेबानं तोच बसायचा.
उतारवयातल्या आवाजाला साय लागते,
असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो.
ऐकलं, तर आवाजाला शाल पांघरून
सत्काराला बसवल्यासारखा.
मी म्हणालो, छान.
त्या म्हणाल्या, "ही कोण बाई?"

बारा मिनिटं उरली.

कपाटाच्या तळाशी, केबलींच्या गुंत्यात,
ऑर्केस्ट्राच्या दिवसांतला माईक पडून होता,
गडहिंग्लजला स्टेजवरून पडला
तेव्हाचा पोचा जाळीला.
लावायचा म्हणून नाही, स्टँड ढिला झाला होता,
तो बघायला नुसता अडकवला,
आणि कमलताईंनी, कुणी न सांगता,
अंगठा हनुवटीला, करंगळी जाळीला,
वीत मोजली.
मान जराशी डावीकडं,
'प' फुटला तर वारा कडेनं जावा म्हणून.
मला हे कळायला चार वर्षं
आणि एक फाटका स्पीकर लागला होता.

"आमचा आसलाच होता. ह्येला फकस्त म्होरचं कळतं.
मागं कुणाचं पाकीट गेलं, कोण रडालंय,
ह्येला पत्ता नसायचा."

आजरा गेली आणि चंदगड लागायची आहे,
अशा मधल्या वेळात बटण बंद करून
त्या हे गाणं म्हणायच्या.
एकदाच बटण चालू राहिलं. दोन ओळी.
"मग?"
"मग काय. कोण ऐकतंय तिथं.
गारगोटीचा एक कंडक्टर दुसऱ्या दिवशी खिडकीशी आला,
म्हणाला, कालची गाडी परत कधी?"

गायल्या.
दुसऱ्या कडव्यात सूर उतरला, तो तसाच राहू दिला.
शेवटची ओळ राहिली होती
आणि खाली लेथ सुरू झाला.
कंडेन्सर असता तर टेक गेला असता.
ह्यानं थोडासाच घेतला,
लांब कुठं गाडी इंजिन चालू ठेवून
उभी असावी, एवढाच.
कमलताई थांबल्या नाहीत.
असल्या आवाजावरून बोलण्यातच
त्यांची नोकरी गेली होती.

ती घरघर रात्री पुसून पाहिली. पुसली जाते.
मग ओळ उघडी पडते. परत ठेवली.

त्या गुरुवारी आल्या, हेडफोन लावून
एकदाच ऐकलं, पैसे मोजून दिले.
दोन पेन ड्राइव्ह मागितले.
एकावर नातीचं नाव.
दुसऱ्यावर नाव नको म्हणाल्या,
नुसतं गारगोटी लिही.