वार

नेर्मिन, उद्या शेफिकाबाईंचा जबाब तू घे.
मी शेजारी बसेन, गप्प.

आधी खुर्च्या बघ.
दाराकडे पाठ होईल अशी त्यांना नको,
दार अडेल अशी तुला नको.
भिंतीवरचं घड्याळ मी काल उतरवलंय,
खिळा राहिलाय, राहू दे.
ग्लास भरून ठेवू नकोस, जग ठेव.
आपल्या हातानं ओतून घेतलेलं पाणी
वेगळं उतरतं घशाखाली.

हे आपलं तुझ्ला मिठावर उभं आहे, तुला ठाऊकच आहे.
वर्षानुवर्षं आपण खालचं खारं पाणी उपसलं,
कारखाने चालले, पगार झाले,
आणि माझ्या आत्याची शाळा
खिडक्यांपर्यंत जमिनीत गेली.
कुणी पाडली नव्हती.
खालचं काढून घेतलं होतं फक्त,
आणि त्या जागी काही भरलं नव्हतं.

मीही असंच उपसलंय.
तुझ्याएवढी होते, नवी बॅग, नवं पेन.
समोर रसेमा नावाची बाई.
कोणता वार होता? मी विचारलं.
ती म्हणाली, भट्टीत पाव होता.
वार कोणता?
ती म्हणाली, शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला.
बाई, वार.
ती बघत राहिली माझ्याकडे,
परीक्षेत अडलेल्या पोरीकडे बघावं तशी,
आणि म्हणाली, मंगळवार.

मी मंगळवार टाइप केला.

कोर्टात बचावाच्या वकिलानं गुरुवार सिद्ध केला.
वार खोटा, म्हणून कुत्रा खोटा,
पाव खोटा,
दोन मुलगे खोटे.
जिन्यात रसेमा मला म्हणाली,
तुला हवा होता, म्हणून दिला.
लोक जखमेवर मीठ चोळतात.
मी तिच्यातलं होतं नव्हतं तेवढं मीठ
काढून नेलं होतं.

म्हणून वार नको.
आणि 'का' तर नकोच. का पळाला नाहीत,
का ओरडला नाहीत, का इतक्या वर्षांनी.
तो शब्द ओल्या छत्रीसारखा दाराबाहेर ठेव.
म्हण, जिथून सांगावंसं वाटेल तिथून सांगा.
थांबावंसं वाटलं तर हात वर करा,
कारण विचारणार नाही.
त्या शेवटापासून सुरू करतील, मधेच चुलीपाशी येतील.
हसतीलही. हसल्या असं लिही, अर्थ लावू नकोस.
गप्प झाल्या तर पेनाला टोपण लावू नकोस,
त्या आवाजाला 'आटपा' असं ऐकू येतं.

मागच्या खेपेला त्या तासभर
आलुबुखाराच्या मुरंब्यावरच बोलल्या.
तू गाडीत वैतागला होतास, आठवतंय?
कढई, रात्रभर ढवळणं, हातातला लाकडी डाव,
जो त्यांनी जंगलात तीन दिवस सोडला नाही.
मी तुला सांगितलं नाही,
दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोऱ्यातल्या फळसोसायटीत गेले.
वजनकाट्याची वही अजून आहे, उंदरांनी कडा खाल्लेली.
त्यांच्या नवऱ्याच्या नावावर बेचाळीस किलो,
आणि समोर तारीख.
त्यानंतर त्या वहीत कुणीच काही लिहिलेलं नाही.

तारीख कागदाला विचारायची, नेर्मिन.
बाईंकडे डाव आहे.

शेवटी सगळं त्यांना वाचून दाखव, सावकाश,
त्यांच्याच शब्दांत. 'लाकडी' गाळू नकोस.
फाइल लगेच मिटू नकोस.
घरी कोण आहे विचार, बस किती वाजता आहे विचार,
बस येईपर्यंत थांब.

आणि हो, त्या बरणी आणतील.
साक्षीदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे,
बरोबरच आहे.
तेवढं मात्र तूच सांग त्यांना.
मला अजून ते नीट सांगता येत नाही.