पसंतीक्रम

अर्जावर एक रकाना असतो : पसंतीक्रम.
त्यातलं अक्षर पोराचं असतं,
मजकूर मामाचा, शेजारच्यांचा, सायबर कॅफेवाल्याचा.
पहिला : इलेक्ट्रिशियन.
दुसरा : इलेक्ट्रिशियन, दुसऱ्या संस्थेत.
तिसरा : काहीही.

मी मुलुंडला आयटीआयमध्ये फिटर शिकवतो, तेवीस वर्षं.
हुद्दा शिल्प निदेशक.
त्या ‘शिल्प’ला बायको अजून हसते.

प्रवेशाच्या दिवसांत मला टेबलावर बसवतात.
पोरगं समोर आलं की मी एक जुनं व्हर्नियर पुढे सरकवतो
आणि फोनवर बोलायचं सोंग करतो.
कुणी जबडा उघडून स्वतःचं बोट मोजतं.
कुणी विचारतं, हात लावू?
कुणी आईकडे बघतं.
यात चूक कुणाचीच नसते,
हे कळायला मला बारा वर्षं लागली.

भांडुप गावातला हितेश वैती
व्हर्नियरकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं.
मान तिरकी करून म्हणाला,
सर, ते मागचं लेथ रडतंय.
मला तर रोजचाच आवाज.
शनिवारी हेडस्टॉकचं बेअरिंग गेलं.

अर्जावर लिहिलं होतं कोपा,
म्हणजे कॉम्प्युटर, म्हणजे एसी.
मी म्हटलं, डिझेल मेकॅनिक घे, ती कानाची विद्या आहे.
त्याचे वडील खाडीत होडी घालतात.
ते हळूच म्हणाले,
इंजिनाच्या वासातनं पोराला बाहेर काढायला
दहावीपर्यंत शिकवला, साहेब.
पुढचं माझ्या तोंडात होतं
ते मी चहाबरोबर गिळलं.

शगुफ्ता मुकादमचं नाव मात्र मी सगळ्यांना सांगतो.
शिवणाच्या वर्गात बावीस दिवसांत सात सुया मोडल्या,
शेऱ्यात ‘चंचल’.
मी तिला लिफ्ट मेकॅनिककडे पाठवली.
आता लोअर परळच्या टॉवरमध्ये
अडतिसाव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये उतरते.
खाली बघून भीती नाही वाटत?
बघायला वेळ कुठे असतो सर,
आत माणूस अडकलेलं असतं, त्याच्याशी बोलत राहावं लागतं.

आणि रोशन गायकरचं नाव कुणालाच सांगत नाही.
त्याचा हात हलत नसे. तेवढंच बघितलं मी
आणि वेल्डिंगला घातला.
मुखवट्याआडच्या अंधारात
त्याला माणसं दिसायची बंद झाली
हे त्यानं सातव्या महिन्यात सांगितलं, नाव काढून घेताना.
घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसे घालतो आता.
पिठाचं वेटोळं एकसारखं, कुठे जाड नाही, कुठे तुटत नाही,
आणि दहा गिऱ्हाइकांशी एकदम गप्पा.
माझ्याकडून पैसे घेत नाही.
म्हणून मी त्या गल्लीत जात नाही.

स्वभावाला औषध नाही म्हणतात.
‘बास्टर्ड’ हे कानशीचं नाव आहे, शिवी नाही,
हे दर ऑगस्टला नव्या वर्गाला सांगावं लागतं.
मी स्वतः अठराव्या वर्षी ती कानस भिंतीवर फेकली होती.
आमच्या सरांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली,
म्हणाले, चौकोन अजून राहिलाय.
आठ महिने लागले त्या चौकोनाला.
राग गेला नाही.
आता काटकोनात येतो, एवढंच.
मग मी रोशनला का नाही म्हटलं, थांब जरा,
की थांबवलं असतं तर तेही चूकच?
माहीत नाही.
हे मोजायचं व्हर्नियर भांडारात नाही.

परवा यादी लागली. हितेशला कोपा मिळालं.
वर्ग वरच्या मजल्यावर, जिना आमच्या दारावरून.
दप्तर सावरत तो उंबऱ्याशी थबकला.
आता बरं वाटतंय त्याला, म्हणाला.
मी म्हटलं, हो, बेअरिंग बदललं.
तो अजून थोडा वेळ ऐकत उभा होता.
मग वर गेला.
एसीचं दार आपोआप मिटल्याचा आवाज आला.
आमच्या दाराची कडी मोडलीय,
दुरुस्तीला अजून कुणाला सांगितलं नाही.