छाट

पुण्याच्या फॉर्मवर एक रकाना होता: व्यवसाय.
मी लिहिलं, विडी कामगार. मग खोडलं.
लिहिलं, खेळाडू. तेही खोडलं.
शेवटी तिथे निळी पट्टी तेवढी उरली
आणि वर नाव, भाग्यलक्ष्मी अंबादास चिप्पा,
वय एकोणतीस, राहणार विडी घरकुल, सोलापूर.

तिरुपती हैदराबादला कामाला गेला तेव्हा
चपलांच्या खोक्यात दोनशे पत्ते सोडून गेला.
राखेचा ससाणा, खारा बुरूज, आंधळा सराफ,
खाली बारीक इंग्रजीत त्यांचे कायदे.
दुपारी विड्या वळताना मी एकेक कायदा पाठ केला,
बोटं तेंदूच्या पानात, डोळे दुसऱ्या पानात.
मराठीत दोन्हीला पानच म्हणतात.
आमच्या घरच्या तेलुगूत नाही.

रविवारी रमीझच्या मोबाइल दुकानाच्या माळ्यावर
आम्ही अकरा जण. पंखा एक. वर तापलेला पत्रा.
दहा कॉलेजची पोरं, ती मला अक्का म्हणतात,
हरली की अक्कासुद्धा म्हणत नाहीत.
वर्षभरात मी एकवीस रविवार जिंकले.
बक्षीस: एक सीलबंद पुडकं, कधी लस्सी.

मला हे पोटासाठी करायचंय, मी आईला सांगितलं.
मोठ्या स्पर्धा असतात. पैसे देतात. परदेशातही बोलावतात.
आईने सुपातून मान वर केली नाही.
"वारानिकी एंत?" आठवड्याला किती?
मी म्हणाले, जिंकलं तर.
"आणि नाही जिंकलं तर?"
तंबाखूची चिमूट, पान, वळण, दोरा.
तिच्या प्रश्नाला तेवढाच वेळ लागतो.

ससाण्याची चार पानं हवी होती, खरी,
रंगीत झेरॉक्स तिथे चालत नाही.
एका पानाला दहा हजार विड्या.
हा हिशेब मी आईसमोर केला नाही,
पण बोटांनी केलाच.
तीन घेतली. चौथ्याच्या जागी आंधळा सराफ.

हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत उभी होते.
डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी,
पिशवीत साठ पानं, नव्या काळ्या पाकिटांत.

पहिली फेरी जिंकले. दुसरीही,
सराफाने! ज्याला मनातून शिव्या घालत होते, त्याने.
तिसरीआधी पंच आला, गड्डी तपासायची म्हणाला.
एकेक पाठ उजेडाला धरली.
सतरा पाकिटांच्या कडेला तपकिरी बारीक रेघ.
"ही मागून ओळखता येतात," तो म्हणाला, सभ्यपणे.
त्याने बोटांचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.
रात्री सराव मी सुपाशेजारी केला होता.
आमच्याकडे दिवा एकच आहे.
खुणेची पानं. एक डाव बाद.
समोरचा पोरगा म्हणाला, सॉरी हं, काकू.

उरलेल्या फेऱ्या घामट हातांनी खेळले.
एकशे बारा जणांत एकतिसावी.
भिंतीवरच्या यादीत बी. ए. चिप्पा,
बाई की पुरुष, कळायचंही नाही कुणाला.
मी तिचा फोटो काढला, मग आणखी एक,
पहिला हलला म्हणून.

रात्री साडेदहाला आई जागी, कट्टे बांधत.
"काय झालं?"
खुणा निघाल्या म्हणून बाद केलं, मी म्हणाले.
तंबाखूच्या.
तिने थोडा वेळ घेतला. नेहमीपेक्षा जास्त.
कारखान्यात तपासणारा तिच्या विड्या मोडून
टोपलीत फेकतो, तीस वर्षं झाली,
त्याला एक शब्द आहे, तोच तिने वापरला,
मराठीतून, कारण तो कारखान्याचा आहे:
"छाट किती निघाली?"
सतरा.
"साठात सतरा? माझी हजारात पन्नास काढली तर मी भांडते.
तू भांडलीस?"
नाही.

सकाळी सूप दाराकडे सरकलेलं होतं.
दिव्याखाली जुनी चादर, झटकलेली, उलटी बाजू वर,
आणि तिच्यावर काहीच नव्हतं.
मी पानं भिजत घातली, आधी तिची.