उभा जन्म

कारागंडाच्या ट्रकतळामागे, डिझेलच्या वासात
माझं दुकान. शिवणयंत्र, वाकड्या सुया, चाळीस हिवाळे.
मी ट्रकच्या सीटा शिवतो.
माणसं मला चेहऱ्यानं कमी, खड्ड्यानं जास्त कळतात:
कोण डाव्या अंगावर भार देतो,
कोणाचं पाकीट मागच्या खिशात,
कोण उतारावर सगळा आवळून बसतो.

येरमुखान फेब्रुवारीत आला.
बाहेर उणे एकतीस.
पाठ दुखते? नाही. कंबर? नाही.
चहा निवला, वर साय धरली,
तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाला,
"मिन्नेगाली-आगा, गार सीट शिवता येते का?"

मी हसलो नाही.
हसलो असतो तर तो गेला असता.

मग जुन्या शिवणीसारखं झालं,
एक टाका सुटला आणि पुढचे आपोआप.
अक्तोबेपर्यंत माल, दिवसाला बारा तास
बूड हलत नाही.
खाली तारांनी तापणारी सीट, तिच्यावर बापाचं मेंढीचं कातडं,
दोन जाड विजारी, मांड्या मिटलेल्या.
लग्नाला सहा वर्षं.
त्याचे दिवस गेले रस्त्यात,
झानिलला मात्र दिवस गेले नाहीत.

पाच वर्षं तपासलं ते तिलाच.
तिनंच सुया टोचून घेतल्या, तिनंच कडू काढे,
मजारीजवळच्या झाडाला चिंध्याही तिनंच बांधल्या.
सहाव्या वर्षी लारिसा पाव्लोव्हना नावाची डॉक्टर म्हणाली,
"आता नवऱ्याला पाठवा."
आणि त्याला म्हणाली, "निसर्गानं ते अंगाबाहेर का टांगलं?
गारव्याला. तुम्ही ते चुलीवर ठेवलंय.
सीटच कारण, असं मी म्हणत नाही. सिगारेट असेल,
आणखी काही असेल. पण तीन महिने ऊब बंद.
उठा, चाला. मग पुन्हा मोजू."

बाप फोनवर उखडला होता:
"मीही उभा जन्म बसूनच काढला, खोगिरावर!
आणि तुम्ही आठ भावंडं!"
घोडा चालतो तेव्हा स्वारही हलतो,
वारा खालून वाहतो,
हे त्याला बापाशी बोलता आलं नाही.
कोणाला येतं?

मी मधला फोम कापून काढला,
जाळीचं कापड ताणलं, वर लाकडी मणी ओवले.
तापत्या तारेला कात्री लावली. टच्.
एवढाच आवाज.
कातडं त्यानं टाकलं नाही, पाठीमागे लावून घेतलं.
पैसे मी पूर्ण घेतले. कमी केले असते तर ती कीव झाली असती.

तो गेल्यावर उठलो आणि माझ्याच स्टुलाकडे बघितलं.
बसकं, आणि खाली विजेची शेगडी,
ऑक्टोबर ते एप्रिल, दर वर्षी.
सुफिया जाऊन अकरा वर्षं झाली.
गल्लीतल्या बायका तिला ज्या नावानं हाक मारायच्या
ते मी इथं लिहिणार नाही.
मला कधी कोणी तपासायला सांगितलं नाही,
मीही कधी म्हटलं नाही.

मेमध्ये येरमुखान आला, बातमी काही नव्हती.
दर दोन तासांनी ट्रकभोवती चकरा मारतो म्हणे.
बाकीचे ड्रायव्हर विचारतात, काय शोधतोस रे?
टायर बघतो, सांगतो.

मी स्टूल पुढे केलं.
तो नको म्हणाला.
मग मीही बसलो नाही.